दिराशी लग्न की चपलेचा विधी?

भाऊ निपुत्रिक वारला, तर त्याच्या विधवेशी दिराने लग्न करावे, म्हणजे मृताचे नाव पुसले जाणार नाही, असे बायबलच्या ‘अनुवाद’ या ग्रंथातला पंचविसावा अध्याय सांगतो. हा ‘यिबूम’. पण ‘लेवीय’ ग्रंथात भावाच्या बायकोशी संबंध निषिद्धच! या पेचावर यहुदी धर्मपंडितांनी शतकानुशतके खल केला. ‘मिश्ना’ या यहुदी धर्मनियमांच्या संहितेतला ‘येवामोत’ हा अख्खा भाग याच विषयाला वाहिलेला आहे.

दिराला लग्न नको असेल तर ‘हालित्सा’. धर्मन्यायाधीशांसमोर दीर उजव्या पायात खास चामडी पादत्राण घालतो. विधवा उजव्या हाताने त्याचे बंद सोडते, ते काढून फेकते, त्याच्यासमोर जमिनीवर थुंकते आणि ठरलेली वचने हिब्रूत उच्चारते. मग ती मोकळी. दीर अल्पवयीन असेल, तर मात्र तो तेरा वर्षांचा होईपर्यंत तिने थांबायचे. यात तिच्या ऐन उमेदीची वर्षे जात, हे विसरून चालणार नाही.

आधी काय, यिबूम की हालित्सा? दिराचा हेतू शुद्ध नसेल तर ते लग्न जवळपास व्यभिचारच, असे मिश्नाकालीन धर्मपंडित अब्बा शाऊल यांचे मत. युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांनी हालित्साच धरली. मूळच्या स्पेन-पोर्तुगालमधल्या सेफार्दी यहुद्यांच्या अनेक समाजांत यिबूम चालू राहिला. 1950 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी यिबूमवर बंदी घातली.

हालित्साच्या नियमांची झळ कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल या यहुदी समाजालाही बसली. त्यांच्या पूर्वजांनी घटस्फोट आणि हालित्साचे नियम पाळले होते का, अशी शंका काढून 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लग्नांत अडथळे आणले गेले. त्यांनी आंदोलन केले, तेव्हा 1964 मध्ये इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच असल्याचे जाहीर केले.