परक्या घरचे पियानो

1953 ते 1956 ही तीन वर्षे मी शिक्षणासाठी लंडनमध्ये काढली, आणि त्या कालखंडाचा मागोवा घेऊ लागलो की व्याख्यानगृहे व ग्रंथालये यांच्याआधी मला आठवतात ते परक्या घरचे पियानो. गवयाचा तंबोरा गवसणीत शिरून आगगाडीने त्याच्याबरोबर येतो. परंतु दोनशेहून अधिक तारांचा ताण सोसणारी बिडाची चौकट पोटात वागवणारे हे अवजड वाद्य जिथे असेल तिथे वादकालाच जावे लागते, आणि म्हणून पियानो वाजवणारा मनुष्य हा जन्माचा पाहुणा होय, हे मला त्या शहराने शिकवले.

खोलीत वाद्य आणता कामा नये, अशी घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती. तेव्हा विगमोर स्ट्रीटच्या परिसरात तासाच्या भाड्याने मिळणारी एक खोली धरली. बेखस्टाइन या बर्लिनच्या पियानो-कारखानदारांनी 1901 साली त्या रस्त्यावर बांधलेले सभागृह पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त होऊन विकले गेले, आणि 1917 पासून विगमोर हॉल या नावाने ते पुन्हा नांदू लागले. त्याच्या दारावरच्या जाहिराती वाचून मी पुढे जात असे. परंतु माझ्या विद्यावेतनातून आठवड्याला दोन तासांपलीकडे भाडे निघत नसे.

अखेर चर्चच्या एका सभागृहाची किल्ली मिळाली. शर्त एवढीच, की रविवारी मुलांच्या गाण्यांना साथ करावी. तिथला जुना उभा पियानो 85 पट्ट्यांचा, त्यांतल्या कित्येक मुक्या, आणि मधल्या सप्तकातला एक स्वर चांगलाच उतरलेला. मीटरमध्ये शिलिंगचे नाणे टाकले की गॅसची शेगडी पेटे. नाणे संपले की ज्योत निळी होऊन मावळे, आणि बोटे आखडून जात. तिथे मला दस्तूर पडला तो असा, की वाजवायला बसण्यापूर्वी खर्जापासून टिपेपर्यंत प्रत्येक पट्टी हलकेच दाबून कोणती बोलते आणि कोणती रुसली आहे हे जाणून घ्यायचे. लिस्टच्या रचना त्या वाद्याला पेलत ना. परंतु बाखने 1722 साली सिद्ध केलेल्या चोवीस प्रेल्यूड-फ्यूगांचा पहिला खंड जवळजवळ सर्वस्वी चार सप्तकांत मावतो, आणि ती चार सप्तके त्या जीर्ण पियानोत बव्हंशी शाबूत होती. माझा बाखचा अभ्यास असा दारिद्र्यातून सुरू झाला.

शेवटच्या वर्षी एका वृद्ध विधवा बाईंनी आपल्या दिवाणखान्यातला पियानो मला खुला केला. झाकणावर त्यांच्या दिवंगत यजमानांचे छायाचित्र असे. रात्री मधले पेडल दाबले म्हणजे हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याचा पडदा येई, आणि स्वर कुजबुजीएवढा होई, पण मी ते दाबू लागलो की बाई आतून सांगत, “मोठ्याने वाजवा, मला ऐकू येऊ द्या.”

आज गिरगावात माझ्या घरी हक्काचा पियानो आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात. तरीही झाकण उघडल्यावर मी प्रथम खर्जापासून टिपेपर्यंत एकेक पट्टी हलकेच दाबून पाहतो, आणि तिची विचारपूस झाल्यावाचून बाखला हात घालत नाही.