पांदणीची वाट आणि सायकलीचे चाक

वाशीम जिल्ह्याचा माणूस रस्ता म्हटले की हल्ली डांबराचाच विचार करतो. त्यात त्याचे चुकते असेही नाही. अकोल्याहून मालेगाव, वाशीमवरून हिंगोली-नांदेडकडे जाणारा महामार्ग रुंद झाला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून गेला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरची सगळी लांबी वाहतुकीस खुली झाली. मात्र त्या समृद्धीवर सायकलीला मज्जाव आहे, मोटारसायकलीला आहे आणि ट्रॅक्टरलाही आहे. म्हणजे ज्याच्या वावरातून रस्ता गेला, त्याच्या घरातली दोन चाके त्या रस्त्यावर चढू शकत नाहीत.

मग त्या चाकांनी जावे कुठून? उत्तर आपल्या पायाशीच आहे. गावाच्या शिवेपासून वावरापर्यंत, वावरापासून तांड्यापर्यंत आणि तांड्यावरून टेकडीपलीकडच्या गावापर्यंत जाणारी आपली जुनी पांदण. तिच्यावर ट्रक नाही, भोंगा नाही. बैलगाडी, शेळ्यांचा कळप आणि हंगामात एखादा ट्रॅक्टर, एवढीच काय ती वर्दळ.

जगात याच रस्त्यांना मोल आले

इटलीमध्ये टस्कनी नावाचा डोंगराळ, द्राक्षमळ्यांचा मुलूख आहे. तिथल्या शेतांमधून पांढऱ्या मातीखडीचे रस्ते जातात. हे रस्ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा जानकार्लो ब्रोची या गृहस्थांनी १९९७ साली गायोले या लहानशा गावी एक सायकल फेरी सुरू केली. अट अशी की सायकल जुन्या बांधणीची हवी आणि वाट शक्य तितकी कच्ची हवी. पहिल्या वर्षी ९२ जण आले. पुढे ही फेरी जगभर गाजली, हजारोंनी लोक येऊ लागले आणि गावकऱ्यांना आपल्या कच्च्या रस्त्यांची किंमत नव्याने कळली.

अमेरिकेतील कॅन्सस राज्य म्हणजे गव्हाचा आणि गुराढोरांचा प्रदेश. तिथे शेतांसाठी आखलेले मैलोन्‌मैल खडीचे रस्ते आहेत. एम्पोरिया या गावाभोवतालच्या टेकड्यांतून २००६ पासून २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची सायकल शर्यत होते. सुरुवातीला मूठभर लोक होते, आता त्या दिवसांत गावात जागा मिळत नाही. २०२२ पासून तर खडीच्या रस्त्यांवरील सायकल शर्यतीची जागतिक स्पर्धाही भरते. या सर्व ठिकाणी जे रस्ते वापरले जातात ते शेतकऱ्याच्या गाडीसाठी केलेले होते, ही गोष्ट आपण ध्यानात घेण्यासारखी आहे.

आपला मुलूख काय कमी आहे?

वाशीम शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे या जिल्ह्यात पसरलेले आहेत, त्यामुळे वाट सतत चढते-उतरते. पण सह्याद्रीसारखी छातीवर येत नाही. या डोंगरांचे एक वैशिष्ट्य शाळेतल्या मुलांनाही सांगावे असे आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेकडे वाहते, पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्राला जाते. अरुणावती आणि अडाण याच जिल्ह्यात उगम पावतात, पण पैनगंगेला मिळतात आणि ते पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत बंगालच्या उपसागराला पोहोचते. माथ्यावरून सायकल चालवणाऱ्याच्या डाव्या हाताचा पाऊस एका समुद्राला आणि उजव्या हाताचा दुसऱ्या समुद्राला, असा हा पाणलोट आहे.

माथ्यावरच्या वाटा सायकलीला चांगल्या, याचे कारण जमिनीत आहे. आपला सगळा खडक काळ्या पाषाणाचा. तो झिजला की मुरूम होतो. उंचवट्यावर मुरूम उघडा असतो, पाणी धरत नाही आणि चाक रुतत नाही. खोलगट भागात मात्र भारी काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत मुरमाची वाट सोडू नये. दिवाळी ते शिमगा हा खरा हंगाम. तेव्हा तूर उभी असते, हरभरा घाटे धरतो आणि शेवटी शेवटी पळस फुलतो.

मालेगाव तालुक्यात मेडशीच्या बाजूचे डोंगर, मानोरा तालुक्यातील तांड्यांचा आणि पोहरादेवीकडचा भाग, मंगरूळपीरची माळराने, असे कितीतरी शिवार या कामी उत्तम आहेत. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आणि काटेपूर्णा अभयारण्य इथे मात्र वन खात्याच्या परवानगीवाचून चाक घालू नये.

आजोबांची काळी सायकल

परदेशात या रस्त्यांसाठी खास सायकली निघाल्या आहेत आणि त्यांच्या किमती ऐकल्या तर एक बैलजोडी सहज येईल. त्या सायकलीचा टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असतो. आता आपल्या पडवीत भिंतीला टेकलेली आजोबांची काळी सायकल पाहा. तिच्या टायरवर २८ गुणिले दीड इंच असे लिहिलेले असते. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! दुधाचे कॅन आणि ढेपेचे पोते वाहणारी ती सायकल मुरमाच्याच रस्त्यासाठी घडवलेली होती. तिला गिअर नाहीत हे खरे, चढ आला की उतरून ढकलावी लागेल. त्यात कमीपणा नाही.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. मुरमावर जाताना चाकात हवा ठासून भरू नये. अंगठ्याने दाबले तर टायर किंचित दबला पाहिजे; त्याने पकड मिळते आणि हाडे खिळखिळी होत नाहीत. मात्र ओझे लादायचे असेल तर हवा पुरेशी हवी, नाहीतर दगडावर ट्यूब कापते. उतारावर एकट्या पुढच्या ब्रेकवर भर देऊ नये, सुट्या खडीवर चाक घसरते. दोन्ही ब्रेक हळूहळू, वळणाच्या आधी लावावेत. धुऱ्याकाठी बाभूळ आणि हिवर असतातच, तेव्हा काटा हा ठरलेला. पंप, पंक्चरचे सामान आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय शिव ओलांडू नये. आणि दिवस मावळण्याच्या आत घरी यावे. रोही आणि रानडुकरे रात्री वाटेवर येतात. शिवाय पिकाच्या रक्षणासाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचा घातक आणि बेकायदा प्रकार काही ठिकाणी होतो. त्यात जनावरांबरोबर माणसेही गेली आहेत.

खरा प्रश्न लेकीच्या शाळेचा

कुणी म्हणेल, कामाधामाच्या माणसाला ही हौस परवडेल का? हौस बाजूला ठेवू. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. पाच किलोमीटर पायी म्हणजे सव्वा तास, सायकलीने अर्धा तास. जाऊन-येऊन दीड तास वाचतो. तो अभ्यासाला मिळतो, आईला मिळतो, किंवा नुसता मुलीला मिळतो.

पण ही मुलगी सायकल चालवणार कुठे? हमरस्त्यावर ट्रकच्या वाऱ्याने सायकल हेलकावते. पुष्कळ घरांत सायकल आली तरी मुलीला बाहेर पाठवायला जीव धजत नाही, आणि नववी-दहावीत शाळा सुटते. मधल्या शिवारातून पांदण सरळ असेल तर तीच मुलगी मैत्रिणींसोबत निर्धास्त जाईल. ती पांदण आज आहे का, हे पाहायला हवे.

पांदण वाचली पाहिजे

गावनकाशा काढून पाहा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पाऊलवाट. गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा आणि पाऊलवाट सव्वाआठ फुटांची धरली जाते. आता प्रत्यक्ष जाऊन मोजा. दरवर्षी नांगराचे एकेक तास इकडून आणि एकेक तिकडून सरकले आणि कितीतरी गावांत गाडीमार्गाची पाऊलवाट झाली, पाऊलवाटेचा धुरा झाला. यात परका कोणी नाही, आपणच आहोत. चार तासांचे सोयाबीन वाढले खरे, पण मळणीयंत्र वावरात न्यायचे म्हटले की सगळे अडून बसतात.

कायदा आपल्या बाजूला आहे. पूर्वापार वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते; मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. पांदणी पक्क्या करण्यासाठी २०२१ साली राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, असे ठरवले.

तरीही खटल्यापेक्षा ग्रामसभा बरी. दोन भाऊ तहसिलीत उभे राहिले की वाट मोकळी होते, पण बोलणे बंद होते. त्याऐवजी पेरणीआधी एक दिवस ठरवावा, गावनकाशा सर्वांसमोर मांडावा आणि दोन्ही बाजूंनी सारखेच मागे सरावे. चाकोऱ्यांत मुरूम टाकावा, बाजूने पाण्याला चारी काढावी आणि काटेरी झुडपे छाटावीत.

आणि वाट मोकळी झाली की ती वापरावी. वापर थांबला की रस्ता मरतो, हा सर्वांत जुना नियम आहे. एखाद्या रविवारी शाळेतली पोरे, त्यांचे गुरुजी आणि दोन-चार म्हातारे मिळून गावच्या शिवेवरून सायकलीने फेरी काढा. कोणाची वाट कुठे बुजली, नाला कुठे तुटला, हे एका सकाळीत सगळ्या गावाला दिसेल. आणि जिथून सायकलींची रांग गेली, तिथे पुढच्या हंगामात नांगराचे फाळ घालताना कुणाचाही हात जरा अडखळेल.