माघारीचे गणित

हरत चाललेली लढाई शेवटपर्यंत लढण्याची किंमत किती, हे आधी चिंचोक्यांनी पाहू. एका बाजूला ५० आणि दुसऱ्या बाजूला ४० चिंचोके मांडा. प्रत्येक फेरीत प्रत्येक बाजूने समोरच्या संख्येच्या दहाव्या भागाइतके चिंचोके गमवायचे; म्हणजे पहिल्या फेरीत ४० मधून ५ जातील, ५० मधून ४. अपूर्णांक आल्यास जवळचा पूर्णांक घ्यावा. ४० संपतील तेव्हा ५० पैकी किती उरतील? मुले बहुधा 'दहा' म्हणतील. प्रत्यक्षात सत्तावीसच्या आसपास उरतात!

इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एअरक्राफ्ट इन वॉरफेअर' या पुस्तकात याचा नियम सापडतो. दोन्ही बाजू सारख्याच कुशल असतील आणि नेम धरून मारा करीत असतील, तर बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे मोजावे. २५०० वजा १६०० म्हणजे ९००, आणि त्याचे वर्गमूळ ३०. (आपण पूर्णांकांत मोजले म्हणून थोडी तफावत पडली.) याच नियमाने, ४० चे २० होतात तेव्हा ५० चे ३६ झालेले असतात. पहिले २० गमावताना शत्रूचे १४ पडले. उरलेले २० गमावून फक्त ६ पडतील. तेव्हा अर्ध्यावर निघून जाणे हा भित्रेपणा नव्हे, हिशेब आहे.

'कंपनी ऑफ हीरोज' या दुसऱ्या महायुद्धावरील संगणकीय खेळात (२००६) हा हिशेब चांगला उतरला आहे. माघारीचा हुकूम दिला की तुकडी थेट मुख्य तळाकडे धावते. धावताना तिला इजा कमी होते, पण वाटेत ती खेळाडूचे ऐकत नाही. तळावर नवे सैनिक घेऊन तिला पुन्हा आघाडीवर चालत जावे लागते.

खरी पंचाईत दुसऱ्या भागात झाली. २०१४ साली त्यात आलेल्या अमेरिकन सैन्याला आणि पश्चिम आघाडीवरील जर्मन सैन्याला रणांगणातच, आघाडीजवळ माघारीचे ठाणे उभारता येऊ लागले. मूळच्या सोव्हिएत सैन्याला ही सोय नव्हती. याने किती फरक पडावा? समजा, तुकडी एक मिनिट लढते, एक मिनिट तळाकडे धावते, एक मिनिट भरती घेते आणि एका मिनिटात परतते. चार मिनिटांपैकी एकच लढाईचे. वीस तुकड्यांपैकी सरासरी पाचच आघाडीवर! ठाणे पंधरा सेकंदांवर असेल तर फेरा अडीच मिनिटांचा होतो आणि आघाडीवर आठ तुकड्या राहतात. वर्ग करा: २५ विरुद्ध ६४. शस्त्रे तीच, माणसे तीच, तरी बळ अडीचपट.

नकाशा लहान असेल आणि मुख्य तळच पंधरा सेकंदांवर असेल, तर हा फायदा शून्य. म्हणून ठाण्याची एकच ठरावीक किंमत लावून तोल साधत नाही. लहान नकाशावर ती जाचक, मोठ्यावर नगण्य ठरते. आमच्या मते उत्तम उपाय ठाण्याच्या नाजूकपणात आहे. जर्मन ठाणे तोफांनी पाडता येते, आणि अमेरिकन मेजर ठाणे मांडून बसला की जागचा हलू शकत नाही. ठाणे जितके पुढे, तितका फेरा लहान आणि तितक्याच शत्रूच्या तोफाही जवळ. किती पुढे जायचे, हे मग खेळाडूनेच ठरवायचे.

चिंचोक्यांच्या खेळात हेही आणता येईल. २० उरताच ४० वाल्यांना मागे घ्या, चार फेऱ्या बाहेर बसवा आणि दहा नवे चिंचोके देऊन परत आणा. मग चारऐवजी एकच फेरी बाहेर बसवून पाहा.