शिक्षा संपल्यावर

मुलांनो, निवडणुकीच्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांच्या बोटावर शाईची खूण तुम्ही पाहिली असेल. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की तुमच्याही बोटावर ती येईल. पण एखाद्याने गुन्हा केला आणि त्याची शिक्षा पुरी भोगली, तर मत देण्याचा त्याचा हक्क कायमचा जावा का?

आपल्या देशात तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या माणसाला मत देता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसे सांगितले आहे. सुटून आल्यावर मात्र तो सर्वसाधारणपणे पुन्हा मत देऊ शकतो.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत कैदीसुद्धा मतदान करतात. फ्लोरिडा राज्यात मात्र गंभीर गुन्हा सिद्ध झाला, की शिक्षा संपल्यावरही मताचा हक्क आपोआप परत मिळत नसे. त्यासाठी राज्यपालांकडे अर्ज करावा लागे. अनेकांचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत.

याच राज्यात डेसमंड मीड राहतात. तरुणपणी ते मादक पदार्थांच्या आहारी गेले. त्यांना तुरुंगवास घडला. सुटल्यावर राहायला घर नव्हते. तरीही ते सावरले, शिकले आणि त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. २०१६ मध्ये त्यांची पत्नी निवडणुकीला उभी राहिली. कायदा शिकलेला हा माणूस आपल्याच पत्नीला मत देऊ शकला नाही!

मीड आणि त्यांच्या सोबत्यांनी राज्यघटनेत बदल व्हावा म्हणून गावोगाव फिरून लोकांच्या सह्या गोळा केल्या. सात लाखांहून अधिक सह्या जमल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये या प्रश्नावर मतदान झाले. बदलासाठी ६० टक्के मते हवी होती; सुमारे ६४ टक्के मिळाली. खून आणि गंभीर लैंगिक गुन्हे वगळून, शिक्षा पूर्ण केलेल्या इतरांना मताचा हक्क मिळाला. असे सुमारे १४ लाख लोक होते, असा त्या वेळचा अंदाज होता. जानेवारी २०१९ मध्ये मीड यांनी मतदार म्हणून नाव नोंदवले.

पण गोष्ट येथे संपली नाही. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा केला. शिक्षेतील दंड, भरपाई आणि न्यायालयाचे शुल्क भरल्याशिवाय शिक्षा पूर्ण झाली असे मानायचे नाही, असे ठरले. २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही हा कायदा कायम ठेवला. कोणाकडे किती रक्कम बाकी आहे, हे एका ठिकाणी कळण्याची सोयही नव्हती. त्यामुळे ज्यांच्याजवळ पैसे नव्हते, ते पुन्हा रांगेबाहेर राहिले.

गुन्ह्याला शिक्षा हवीच. पण ती भोगून माणूस घरी येतो, कष्ट करतो, कर भरतो. मग त्याच्या गावाचा, त्याच्या मुलांच्या शाळेचा कारभार कोणी पाहावा, हे ठरवताना त्याला विचारायचे की नाही? तुम्हांला काय वाटते? वर्गात चर्चा करा.