परस्परसंमतीचा घटस्फोट आणि तडजोडपत्र

१९५४ च्या विशेष विवाह अधिनियमात परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद प्रारंभापासूनच होती. १९५५ च्या हिंदु विवाह अधिनियमात मात्र ती १९७६ साली, कलम १३-ब च्या रूपाने आली. एक वर्ष वा अधिक काळ विभक्त राहिलेली व एकत्र नांदणे अशक्य झालेली पतिपत्नी या कलमान्वये संयुक्त अर्ज करतात. पोटगी, स्त्रीधन, राहते घर आणि अपत्यांचा ताबा यांविषयीच्या अटी बहुधा वकिलांच्या वा मध्यस्थाच्या साहाय्याने ठरतात व तडजोडपत्रात नमूद होतात.

परंतु तडजोडपत्रावरील स्वाक्षरी म्हणजे घटस्फोट नव्हे. अर्जानंतर सहा महिन्यांनी, व अठरा महिन्यांच्या आत, उभयतांनी पुन्हा मागणी करावयाची असते. हुकूमनामा होईपर्यंत संमती कायम असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ठरविले. सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी शिथिल करता येते, असा निर्णय २०१७ साली झाला.

संमती बळजबरीने, कपटाने वा गैरवाजवी दडपणाने मिळविलेली नाही, याची खात्री न्यायालयास करून घ्यावी लागते. ही चौकशी केवळ उपचार नव्हे. कारण परावलंबी पत्नी सुटकेच्या घाईत पोटगीचा हक्क सोडून देण्याचा संभव असतो. अपत्य तर कराराचा पक्षकारही नसते. म्हणून त्याच्या ताब्याविषयीचा आदेश कलम २६ अन्वये पुढेही बदलता येतो. पतिपत्नींना आपसांतील देणेघेणे मिटविता येते; अपत्याचे हित हा मात्र त्यांच्या सौद्याचा विषय होऊ शकत नाही.