ओम्बुड्समन : मुखत्यार कोणाचा?

बँकेविरुद्धची तक्रार 'ओम्बुड्समन'कडे न्यावी, असे आपण ऐकतो. शब्द इंग्रजी वाटतो. आहे मात्र स्वीडिश. श्रोतेहो, त्याची फोड करून पाहू : 'ओम', 'बूद', 'मन' आणि मध्ये एक 'स'. हा 'स' म्हणजे आपला षष्ठीचा 'चा'. 'ओम्बूद' म्हणजे दुसऱ्याने सोपवलेला अधिकार. तेव्हा ओम्बुड्समन म्हणजे मुखत्यारीचा माणूस. कोर्टकचेरीत आपण मुखत्यारपत्र करून देतो, तोच प्रकार.

गंमत पुढेच आहे. या तिन्ही तुकड्यांचे भाऊबंद संस्कृतात आहेत. 'ओम'चा ओंकाराशी काही संबंध नाही. त्याचे नाते 'अभितः', म्हणजे सभोवार, याच्याशी. 'बूद'चे नाते 'बुध्' धातूशी, म्हणजे बोध आणि बुद्ध यांच्याशी. आपल्याकडे त्याचा अर्थ जागे होणे, जाणणे असा राहिला. तिकडे दुसऱ्याला जाणीव देणे, म्हणजे निरोप, आज्ञा असा झाला. आणि 'मन' हा मनूचा नातलग. त्याचा जुना अर्थ नुसता 'माणूस'. म्हणून स्वीडनमध्ये बाईसुद्धा ओम्बुड्समनच!

आता प्रश्न उरतो, अधिकार सोपवला कोणी? १७०९ साली पोल्टाव्हाला हरलेला राजा बारावा चार्ल्स तुर्की मुलखात अडकून पडला. मागे अधिकारी काय करतात यावर नजर ठेवायला त्याने १७१३ मध्ये तिथूनच 'मुख्य ओम्बुड्समन' नेमण्याचा हुकूम काढला. तो राजाचा मुखत्यार. पुढे १८०९ साली दुसऱ्या एका राजाला पदच्युत करून नवी राज्यघटना झाली आणि संसदेने स्वतःचा ओम्बुड्समन निवडायचे ठरवले. शब्द तोच, धनी बदलला.

आम्हा युनियनवाल्यांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. स्वीडिश कामगार संघटनेच्या पगारी कार्यकर्त्यालाही ओम्बुड्समनच म्हणतात. कारखान्यातील कामगारांचा जो सुरक्षा-प्रतिनिधी असतो, त्याच्या नावातही 'ओम्बूद' आहे. कामगाराच्या जिवाला तातडीचा धोका दिसला, तर चालू काम थांबवण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिला आहे.

आपल्याकडे बँका 'अंतर्गत ओम्बुड्समन' नेमतात, तेही स्वतःच. व्युत्पत्तीच्या हिशेबाने तो बँकेचाच मुखत्यार ठरतो! महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने 'लोकायुक्त' आला. शब्द सुरेख, पण विग्रह कसा करायचा? लोकांनी नेमलेला, की लोकांसाठी नेमलेला? समास गप्प बसतो. त्या कायद्याने नेमणूक राज्यपालांच्या हाती दिली होती.