रक्तातील गर्दी आणि शिरगणतीचा वाद

भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरांच्या शेजारात आयुष्य गेलेल्या मला, प्रथिनांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात मिठाचा अल्प अंशही विद्युत्-फवाऱ्यातील आयनांची निर्मिती मंद करतो, म्हणून नमुना आधी धुऊन अळणी करावा लागतो, हे वाचल्यापासून या शास्त्राचा जो नाद लागला तो अद्याप सुटलेला नाही. परंतु मीठ धुता येते. खरी अडचण प्रथिनांच्याच गर्दीची आहे.

रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरात अल्ब्युमिन ३५ ते ५० मिलिग्रॅम असते, तर निरोगी माणसात इंटरल्युकिन-६ हे प्रथिन फार तर ५ पिकोग्रॅम, म्हणजे अंतर सुमारे एक हजार कोटी पटींचे! हा हिशेब नॉर्मन व ली अँडरसन या पितापुत्रांनी २००२ साली मांडला. मानवी प्रथिनांची समग्र सूची करावी, असा आग्रह याच दोघांनी १९८० च्या सुमारास धरला होता. वॉशिंग्टनमधील सत्तांतरात तो बारगळला, आणि पुढे जनुकांच्या प्रकल्पाने सारे लक्ष वेधून घेतले.

ट्रिप्सिन या विकराने प्रथिनांचे तुकडे केले की यंत्र प्रत्येक क्षणी त्यांतील सर्वांत ठळक संकेत देणारेच तुकडे वाचायला घेते, आणि दुर्बळ तुकडे मागे राहतात. अल्ब्युमिन गाळून टाकावे, तर त्याला चिकटलेली इतर प्रथिनेही त्याच्याबरोबर जातात. पवईच्या आयआयटीतील संजीव श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने कस्तुरबा रुग्णालयातील कोविड-रुग्णांच्या आजाराच्या तीव्रतेच्या ज्या खुणा २०२१ साली प्रसिद्ध केल्या, त्या याच दुर्घट द्रवातून शोधल्या होत्या. या परिश्रमाची मराठी वाचकांनी घ्यावी तितकी दखल घेतलेली नाही.

मला सर्वाधिक उद्बोधक वाटतो तो २०१४ चा वाद. त्या मे महिन्यात 'नेचर'च्या एकाच अंकात मानवी प्रथिनांचे दोन आराखडे झळकले: अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखालचा, बंगळूरच्या जैवमाहिती संस्थेचा मोठा सहभाग असलेला, १७,२९४ जनुकांचा, आणि म्युनिकच्या बर्नहार्ड कुस्टर यांचा, जनुकांपैकी ९२ टक्क्यांचा दावा करणारा. माद्रिदच्या मायकेल ट्रेस व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी त्यांत एक विलक्षण विसंगती दाखवली. दोन्ही याद्यांत गंधग्राही प्रथिने शंभरावर होती, परंतु नाकाच्या ऊतीचा नमुना मात्र एकातही नव्हता!

कारण नमुन्याच्या जटिलतेतच होते. शिरगणतीत खरी माणसे प्रत्येक फेरीत त्याच घरांत सापडावीत आणि चुकीच्या नोंदी मात्र दरवेळी नव्या घरी पडाव्यात, तसे येथे घडते. खऱ्या तुकड्यांचे वाचन त्याच त्या विपुल प्रथिनांवर पुनःपुन्हा येते, खोटे जुळणे सर्वत्र विखुरते, आणि म्हणून तुकड्यांच्या पातळीवर एक टक्का वाटणारी चूक, असंख्य नमुने एकत्र केल्यावर प्रथिनांच्या यादीत कितीतरी फुगते. ट्रेस यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. तथापि पांडे-कुस्टर यांचे श्रम त्यामुळे व्यर्थ ठरले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी आपला कच्चा तपशील खुला ठेवला नसता, तर ही तपासणीच होऊ शकली नसती.

पुढे आंतरराष्ट्रीय मानवी प्रथिन प्रकल्पाने नियम कडक केला: नव्या प्रथिनाच्या दाव्यास किमान नऊ अमिनो आम्लांचे, अन्य कोणत्याही प्रथिनाशी न जुळणारे, दोन स्वतंत्र तुकडे हवेत. या कसोटीने २०२० साली जाहीर झालेला आकडा ९०.४ टक्के होता, सहा वर्षांपूर्वीच्या ९२ हून कमी; आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा.